संगीताच्या खोलीतली काच

मंगळवारी सकाळी साडेसात वाजता संगीताच्या खोलीतली काचेची पट्टी फुटली. आवाज झाला तो बांगडी पिचावी एवढाच. मुलं गात होती, त्यामुळे दाराशी उभ्या असलेल्या शिपायाशिवाय कुणाला तो ऐकू गेला नाही. त्यानं मुलांना ओळीनं बाहेर काढलं आणि मोठ्या बाईंना बोलावलं.

मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. गाणंही त्याच शिकवत. तासाभरात त्यांच्या फोनवरून शिक्षण विभागाच्या इंजिनिअर बाई शाळेत हजर झाल्या. सरकारी शाळांच्या इमारती तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांच्या पिशवीत तळहाताएवढी हातोडी असे. तिनं त्या भिंती ठोकत आणि कान देऊन ऐकत. भरीव भिंत 'टक्' म्हणते, गिलावा सुटलेली 'ढब्' म्हणते. मुलांनी त्यांचं नाव हातोडीबाई पाडलं होतं आणि आता विभागातले लोकही त्यांच्यामागे तेच म्हणत.

संगीताच्या खोलीत एक तडा होता. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेला, मध्ये हाताच्या कोपरासारखा वळलेला आणि छतापाशी दोन फाटे फुटलेला. हातोडीबाईंनी महिन्यापूर्वी त्या तड्यावर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवली होती. काच ताणली जात नाही. भिंत केसभर हलली तरी ती फुटते. फुटली की खोली बंद, हा नियम. त्यात घासाघीस नाही.

"लावा कुलूप," मोठ्या बाई म्हणाल्या. "मला माहीत होतं, तुम्ही हेच म्हणणार."

"मी नाही म्हणत. काच म्हणते."

"काचेला मुलं नाहीत, मॅडम."

हातोडीबाईंनी नेहमीप्रमाणे मोबाइलवर फुटक्या पट्टीचे फोटो काढले, जुने तुकडे खरवडून तिथंच नवी पट्टी लावली आणि दाराला कुलूप घातलं. गाणं, मातीकाम, नाटक, अभ्यासापलीकडचं जे काही होतं ते सगळं याच खोलीत चालायचं. दुसरी जागा नव्हती. त्या दिवसापासून ते थांबलं.

खोलीचं एवढं काही नव्हतं. पण ही भिंत नापास झाली तर तो सगळा मजला नापास, आणि मजला गेला की शाळा महामार्गापलीकडच्या नव्या इमारतीत हलवायची, असं विभागानं ठरवून ठेवलं होतं. शेजारच्या वस्तीतली छोटी शाळा अशीच हलवली होती. सुरुवातीला मुलांसाठी बस होती. मग बस बंद झाली, आणि बरीच मुलं घरीच राहिली. त्यांतल्या काहींना मोठ्या बाई अजून बाजारात पाहत, दुकानांच्या पायऱ्या झाडताना.

नवी इमारत मात्र दृष्ट लागावी अशी होती. हातोडीबाईंची स्वतःची मुलगी तिथंच सातवीत होती.

पुढच्या महिन्यात अंतिम अहवाल द्यायचा होता. हातोडीबाई पुन्हा आल्या, तेव्हा शिपायानं कुलूप काढलं.

"आत उंदीरसुद्धा फिरकला नाही, मॅडम. इतकी शांतता मला घरी मिळाली असती तर वजन वाढलं असतं माझं."

नवी पट्टीही फुटली होती. तुकड्यांमध्ये नख शिरेल एवढी फट पडली होती. तडा चक्क रुंदावला होता. निकाल लागल्यासारखाच होता. हातोडीबाईंनी आजचा फोटो मागच्या फोटोशेजारी ठेवायला मोबाइल काढला आणि त्या तशाच उभ्या राहिल्या.

मागच्या फोटोत तुकड्यांमध्ये फट नव्हती. एका तुकड्याची कड दुसऱ्यावर चढली होती.

पट्टी ताणून तुटली की तुकडे दूर जातात. एकावर एक चढतात ते दोन्हीकडून दाब आल्यावर. त्या मंगळवारी तडा वाढत नव्हता, मिटत होता. इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यांनी काच फुटली एवढंच पाहिलं होतं. कशी फुटली ते पाहिलंच नव्हतं.

"काय झालं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"चूक झाली. माझी." हातोडीबाई खुर्चीवर टेकल्या. "मुलं गात होती तेव्हा भिंत मिटत होती. गाणं बंद केल्यावर उघडली."

मोठ्या बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "सकाळी काही खाल्लंय का तुम्ही?"

हातोडीबाईंना हसू आलं, पण कामात त्या कच्च्या नव्हत्या. त्यांनी पायाशेजारची माती खणून पाहिली, छतावरच्या टाकीचे नळ पाहिले, खिडकीची चौकट पाहिली, त्या दिवसांतलं ऊन आणि ओल पाहिली. तडा रुंदावायला कारणं पुष्कळ होती. मिटायला एकही नव्हतं.

मग त्यांनी अहवालाला महिन्याची मुदत वाढवून घेतली आणि भिंतीला लोखंडी टेकू लागले. नवी पट्टी चिकटवून सुकली. मुलांना खोलीत पाऊल टाकायची परवानगी नव्हती. ती बाहेर व्हरांड्यात, उघड्या दारापासून लांब उभी राहिली. मोठ्या बाईंनी सूर दिला आणि मुलांनी गाणं उचललं. हातोडीबाई दारात उभ्या होत्या. त्यांची नजर पट्टीवरून हलली नाही.

दुसरं कडवं चालू असताना काच वाजली. हातोडीबाई जवळ गेल्या. एक कड दुसरीवर चढली होती.

गाणं संपल्यावर त्यांनी हातोडीनं भिंतीवर हलकेच ठोकलं. 'टक्' आलं नाही. 'ढब्'ही आलं नाही. भिंतीतून एक सूर आला. मोठ्या बाईंनी मघाशी दिला तोच. क्षणभर राहिला आणि विरला.

"तुम्ही ऐकलंत?" हातोडीबाईंनी विचारलं.

"मी काही ऐकलं नाही," मोठ्या बाई घाईनं म्हणाल्या. मग हळूच, "उद्यापण गायचं ना?"

मुलं रोज व्हरांड्यात गाऊ लागली. महिना उलटायच्या आत तडा मिटला. रंगाच्या पापुद्र्यावर रेघसुद्धा उरली नाही. टेकू काढले. हातोडीबाईंनी भिंत इंच इंच ठोकून पाहिली. सगळीकडे 'टक्'. अहवाल वाचून विभागाच्या साहेबांनी त्यांना बोलावलं.

"तडा का मिटला, ते यात कुठंय?"

"कारण सापडलं नाही, असं लिहिलंय, सर."

"असं लिहितात का?"

"सापडलं नाही तर लिहितात."

"आणि हे काय? देखभालीच्या सूचनांत 'गायनाचा तास बंद करू नये'? गाणं देखभालीत येतं का हो?"

"रंगकाम येतं. त्यानं तर काहीच धरून राहत नाही."

साहेबांनी कपाळाला हात लावला, पण सही केली. शाळा निदान वर्षभर तिथंच राहणार होती. मोठ्या बाईंनी त्या दिवशी मुलांना अर्धा तास जास्त गाऊ दिलं. शिपायानंही तोंड उघडलं, आणि मुलांनी त्याला हात जोडून गप्प बसवलं.

त्याच आठवड्यात रात्री जेवताना हातोडीबाईंची मुलगी म्हणाली, "आई, आमच्या लॅबच्या भिंतीवर रेघ आलीये."

"असेल रंगाची."

"मलाही तसंच वाटलं. पण ती मध्येच अशी वळते." मुलीनं हात दुमडून कोपर दाखवलं. "आणि वर तिला दोन फाटे आहेत."

हातोडीबाईंनी ताट सरकवून मोबाइल काढला.

नवी इमारत खडकावर उभी होती. तिचा पाया त्यांनीच तपासला होता. दोन शाळांमध्ये रुंद महामार्ग होता, त्यावरून दिवसभर ट्रक धावत. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी लॅबमध्ये जाऊन पाहिलं, तर तडा तोच होता. वळण तेच, फाटे तेच. त्यांनी फोटो शेजारी धरून पाहिला. मग पट्टी चिकटवली, लॅब बंद करायला लावली आणि तिथल्या प्रिन्सिपलना गाण्याच्या तासाबद्दल विचारलं.

"मॅडम, परीक्षांपुढं वेळापत्रकात सुईएवढी जागा नाही. आणि गाण्यानं काय होणार?"

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. ते खरंच होतं.

घरी मुलगी म्हणाली, "पण आम्ही मधल्या सुट्टीत गायलो तर?"

"त्या भिंतीजवळ जायचं नाही. बजावून सांगते."

पुढच्या मंगळवारी सकाळी प्रिन्सिपलांचा फोन आला. वॉचमन लॅबवरून जात असताना आत काच वाजली होती. साडेसातच्या सुमाराला.

हातोडीबाईंनी स्वतः कुलूप काढलं. फरशीवर धुळीचा पातळ थर होता. त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. त्या भिंतीपाशी गेल्या आणि वाकून पाहिलं.

तुकडे एकावर एक चढले होते.

इथं कुणी गायलं नव्हतं. महामार्गापलीकडे मुलं साडेसातला गात असतात, पण तिथला आवाज इथवर येत नाही. खिडक्या बंद होत्या.

त्यांनी हातोडी काढली आणि एकदाच ठोकलं.

सूर आला.

त्यांनी हातोडी पिशवीत ठेवली. मोठ्या बाई देत तोच सूर होता, पण या वेळी तो विरला नाही.

"आई?" मुलगी दप्तर पाठीवर घेऊन दारात उभी होती. "कोण गातंय?"

हातोडीबाईंनी भिंतीकडे बोट दाखवलं. मुलीनं थोडा वेळ कान दिला. मग तिनं हळूच, कुणी शिकवल्यासारखा, त्या सुरात आपला सूर मिसळला. तिच्यामागे आलेल्या मुलींनीही मिसळला. प्रिन्सिपल त्यांना गप्प करायला पुढे आले आणि थांबले. भिंतीवरची रेघ त्यांच्या डोळ्यांदेखत पुसट होत होती.

मग तास सुरू झाले आणि मुली वर्गात गेल्या. दुपारी शाळा सुटली, इमारत रिकामी झाली, तेव्हाही लॅबमध्ये तो सूर चालूच होता. आता तो एका आवाजाचा राहिला नव्हता; त्यात सकाळच्या मुलींचे आवाजही होते.