वडशाहून आलेलं उलटं घर

ही २००१ सालची गोष्ट. होळी सरली होती, हवेत मोहफुलांचा वास होता. एप्रिलअखेर मी आलापल्लीच्या दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त होणार होते.

वडशाला लग्नाला गेले होते. उन्हात घसा सुकला, म्हणून एका हिरव्या दाराची कडी वाजवली. दार उघडलं... आणि आत घरच नव्हतं! नुसतं मोकळं आवार, आणि ओठांत खिळे धरलेला एक उंच माणूस.

“पानी भेटन का?”

“भेटन. पन हे नाटकातलं घर हाये, बाई. इथी फक्त भांडनं होतात.”

मला हसू फुटलं. ते बाबूभाई, आमच्या झाडीपट्टीत गावोगावी होणाऱ्या नाटकांचे सुतार. एकटेच. मी शमीम, विधवा, मूलबाळ नाही. पाणी पिता पिता विचारलं, “अशाच भिंती इथी बनवून आलापल्लीले जोडून द्याल? राह्यचं घर?”

“काऊन, घाई हाये?”

होती. निवृत्तीबरोबर क्वार्टर सुटणार होतं. तोवर माझ्या प्लॉटवर घर उभं राहिलं नाही, तर धाकटा भाऊ नदीम मला चंद्रपूरला त्याच्या मागच्या खोलीत नेणार होता. कायमचं.

बाबूभाई मापं घ्यायला आले. म्हातारपणासाठी उंबरठा नको, दार रुंद हवं, न्हाणीत धरायला दांडी हवी.

“हात वर करा... बस, इतकीच उंची?”

“नर्सले हसता? सुई टोचीन.”

“टोचा. पन हळूच.”

ते गेले आणि माझी झोप उडाली. भिंती आल्याच नाहीत तर? आणि... ते आलेच नाहीत तर? यातली कुठली काळजी मोठी, हे मी स्वतःलाही सांगत नव्हते.

एप्रिल संपता संपता ट्रक आला. दुपारपर्यंत भिंती उभ्या राहिल्या, आणि घर उलटं निघालं. मापं घेताना दाराच्या जागी रस्त्याकडे तोंड करून उभी राहून मी स्वयंपाकघर उजवीकडे सांगितलं होतं. बाबूभाईंनी सवयीनं समोर बसलेल्या प्रेक्षकांची उजवी बाजू धरली होती! स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्या गोदामाच्या भिंतीला चिकटली होती.

सामान न्यायला आलेला नदीम हसला. “नाटकवालेले घर सांगितलं! चला आपा, गाडीत बसा.”

बाबूभाई मान खाली घालून म्हणाले, “बोल्ट हायेत. भित्ती बदलवून देतो. एक दिवस थांबा.”

“थांबते,” मी म्हणाले. नदीमचं हसू गेलं.

दुसऱ्या दिवशी न्हाणीची भिंत उचलताना मला दोन दांड्या दिसल्या. एक माझ्या हाताला येईल अशी, दुसरी वीतभर वर.

“वरची कोनासाठी?”

ते दांडीचा बोल्ट उगीच आवळू लागले. “तोल... माझा बी जाते आता कधी कधी.”

“मंग असू द्या ते बी.”

निकाहाला नदीम आला नाही, पण त्यानं मुलीला, शिरीनला, पाठवलं. पुढे तोही येऊ लागला. चार वर्षांपूर्वी वारला. बाबूभाई बारा वर्षं माझ्यासोबत राहिले आणि थंडीत, नाटकांच्या सीझनचं शेवटचं दार रंगवून, गेले.

आता मी ऐंशीच्या पुढे. शिरीन म्हणते, “फुफी, चंद्रपूरले चला.”

मी म्हणते, “ट्रक घेऊन ये. घरासकट येते.”