मुठीमागचा हात

वेरूळ मागं पडलं तरी शेजारी बसलेला चुलतभाऊ श्रीनिवास बोलतच होता. म्हैसमाळच्या पठारामागची जंगलवाट पावसानं खचलीय, आज नको, पुढच्या रविवारी येऊ. पद्मजानं जीप थांबवली नाही. बाबांसकट दरीत कोसळून सागाला अडकलेली त्यांची ही जीप तिनं आजच्यासाठीच दुरुस्त करून घेतली होती.

"काका असते तर अशा गियर टाकण्यावर दोन शिव्या हासडल्या असत्या तुला," तो उगाच हसला.

"ते नाहीत. कुणामुळं नाहीत, तेच बघायचंय."

आई गेल्यापासून बाबांना, दत्तोपंतांना, ही वाट तेवढी उरली होती. इथंच त्यांनी तिला आणि श्रीनिवासला गाडी शिकवली. अवघड वळणावर एकानं उतरून पुढं उभं राहायचं. चालवणाऱ्यानं रस्ता नाही, त्याचा हात बघायचा. पंजा हलला की पुढं, मूठ मिटली की जागीच. मुठीचा तो नियम बाबांनी जन्मात मोडला नव्हता. आणि हा श्रीनिवास त्यांच्या तेराव्याच्या पंगतीत, जिलबी मोडता मोडता सांगत होता, मी मूठ दाखवली, काका थांबलेच नाहीत.

शेवटच्या चढावर वळण आलं. कारवीच्या झुडपांतून धुकं वर येत होतं.

"उतर. त्या दिवशी उभा होतास तिथंच. केलंस तेच कर."

"पद्मा, ऐक जरा..."

"उतर म्हणते ना!"

तो दरीकडं पाठ करून उभा राहिला. पंजा हलला. टायरखाली दगड करकरले, ओल्या मुरमाचा वास आत आला. मग मूठ मिटली. तिनं इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला.

"खोटारडा," ती दात आवळून म्हणाली.

तेव्हा त्याच्या खांद्यामागं, जिथं नुसती दरी होती, तिथं दुसरा हात वर झाला. पंजा हलत होता. ये, ये. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. बाबा तसंच बांधायचे.

"श्रीनिवास, तुझ्यामागं कोण आहे?"

तो वळला नाही. मूठ मिटलेलीच होती.

"काकांनी पण हेच विचारलं होतं. मग म्हणाले, 'आलो गं.'"

"आणि हे आज सांगतोस?"

"कुणाला सांगायचं होतं? तुला?"

राग कुठं ठेवावा तिला कळेना. बाबा, आईनं बोलावलं आणि निघालात. मागं कोण राहतंय, बघितलंत?

पंजा पुन्हा हलला. मधे श्रीनिवास उभा होता.

तिनं पायाचा ब्रेकही पुरता दाबून धरला.

इंजिन बंद, तरी चढावर, श्रीनिवासच्या दिशेनं, चाकांखालची खडी हळूहळू करकरू लागली.