टँकर घोरत होता

टँकर मागं सरकला, कुणीतरी किंचाळलं, आणि—

असं झालं नाही. पण शिवकांताच्या डोळ्यांपुढं ते रोज व्हायचं, म्हणून आधी सांगितलं.

झालं ते असं. धर्मापुरीच्या अलीकडचं गाव, दुष्काळाचं साल. म्हशी छावणीत गेल्या, सहकारी दूध सोसायटीची खोली रिकामी पडली, आणि अंगणवाडी तिथं आली. खोलीपुढं अंगण, अंगणाच्या कडेला गावची कोरडी विहीर. एका सकाळी दूध संघाचा पांढरा टँकर, पोटात दुधाऐवजी पाणी घेऊन, विहिरीकडं उलटा उलटा येऊ लागला. मधे लेकरं फुगडी घालत होती.

अंगणवाडीची बाई शिवकांता धावली. दोन्ही हात पसरून टँकरच्या मागं उभी राहिली, डोळे गच्च मिटून.

"थांबा! लेकरं हायत!"

ब्रेक करकचला. तिनं डोळे उघडले. टँकरचा पत्रा हातभर अंतरावर होता, आणि शेजारी खाली उतरलेला ड्रायव्हर, एक तरुण, कपाळावर भस्माचे पट्टे, तिच्याइतकाच घामाघूम.

"बाई," तो म्हणाला, "लेकरं वाचवायची तर डोळे तरी उघडे ठेवायचे."

"तुमी ठेवले असते, तर मला मिटावे लागले नसते."

तो हसला. ती नाही हसली. तिनं आधी लेकरं मोजली.

•

त्या दिवसापासून नियम झाला. भोंगा वाजला की लेकरं आत, दाराला कडी, तोंडावर बोट. घराजवळची म्हणून तिनं ही नोकरी धरली होती. सकाळी आलेली लेकरं दुपारी आयांच्या हाती धडधाकट दिली की काम झालं, एवढंच तिला ठाऊक.

विहिरीत पाणी पडेस्तोवर वैजिनाथ — ड्रायव्हरचं नाव वैजिनाथ — खिडकीशी यायचा.

"लई गप हायत लेकरं. अंगणवाडी हाय का पोलीस ठाणं?"

"तुमच्या टँकरला भितात."

"टँकरला, का टँकरवाल्याला?"

"भिण्यासारखं काय हाय तुमच्यात?"

"तेच तर म्हणतो. मग खिडकीचं एकच दार का उघडता?"

शिवकांतानं दुसरं दार उघडलं. थोडंसं...

"पाणी मिळल का प्यायला?"

"गावाला पाणी आणता आन् माघारी मागता? लाज न्हाई वाटत?"

"ते संघाचं हाय, बाई. हे तुमच्या हातचं."

चुलीपाशी मदतनीस कडूबाई खोकली. तिला खोकला नव्हता.

•

आता तो दिवस.

खिडकीशी शिवकांता हसत होती. पाठ लेकरांकडं. (ही पाठ ती पुढं कितीदा आठवणार होती!) वैजिनाथनं पेला परत दिला, बोटांना बोट लागलं, तो गेला. इंजिन सुरू झालं.

"ताई," कडूबाई म्हणाली, "केशर कुठाय?"

दाराला कडी होती. पण भिंतीत खाली एक झरोका होता, दुधाच्या कॅन बाहेर सरकवायचा. त्याचं फळकूट बाजूला पडलेलं.

शिवकांतानं खिडकीतून पाहिलं. टँकरच्या मागच्या चाकाजवळ केशरचा पिवळा परकर.

ओरड. ओरड ना! ओठ हलले, आवाज नाही. तिला आधीच सगळं दिसलं, चाक फिरतं, परकर...

इंजिन बंद पडलं.

वैजिनाथनं खाली उडी मारली, वाकला, आणि केशरला काखेत धरून बाहेर काढली. टँकरच्या गळत्या नळाखाली धरलेली तिची ओंजळ अजून तशीच होती.

"अगं, चाकाजवळ कशाला गेलतीस?"

"टँकर निजला व्हता," केशर म्हणाली.

"निजला? घुर्र घुर्र करत व्हता की!"

"घोरत व्हता."

•

"उद्यापासून मी खिडकीशी येत न्हाई," शिवकांता म्हणाली. लेकरं घरी गेली होती. "कामाला बी न्हाई. आन् तुमी खिडकीशी येऊ नका. मी तुमच्याकडं बघत व्हते."

"मी बी तुमच्याकडंच बघितलं, म्हणून थांबलो." वैजिनाथ जमिनीकडं बघत बोलला. "निघताना आरशात एकदा खिडकी बघतो मी. रोज. आज तुमचं तोंड बघितलं... आन् हातानं आपोआप चावी फिरवली."

तो गेला. शिवकांता झरोक्यापुढं फतकल मारून बसली. फळकुटाला खिळे ठोकावेत? मग केशर उद्या दुसरी फट शोधेल. घोरत व्हता... लेकरांना आपण टँकरपासून लपवलं. टँकर काय असतो, हे सांगितलंच नाही कधी. गप्प बसायला तेवढं शिकवलं.

ती उठली तेव्हाही भीती होतीच. पण फळकुटाला खिळे ठोकायचं सोडून तिनं चुन्याची फक्की मागून आणली आणि अंगणात, टँकरच्या वाटेपासून लांब, एक रेषा आखली.

•

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला आणि शिवकांतानं कडी काढली.

"ताई, येड लागलं का?" कडूबाई.

"चावी काढून माझ्याकडं द्या," शिवकांता वैजिनाथला म्हणाली. त्यानं मुकाट दिली. तिनं ती कमरेला खोचली आणि एकेका लेकराला ड्रायव्हरच्या जागी बसवलं. केशर टँकरच्या मागं उभी.

"आरशात बघ. दिसती का केशर?"

"न्हाई."

"नीट बघ."

"न्हाईच दिसत, बाई!"

"मग वैजिनाथमामाला कशी दिसल?"

लेकरं गप्प झाली. पण आजचं गप्प होणं वेगळं होतं, डोळे मोठे करून विचार करणारं. मग केशर चढली, तिनं आरशात पाहिलं, आणि स्वतःच खाली येऊन फक्कीच्या रेषेमागं जाऊन उभी राहिली. बाकीची तिच्यामागं. कुणाला बोट दाखवून सांगावं लागलं नाही. शिवकांताला रडू आलं, तेवढ्यात कुणीतरी टँकर झालं, कुणी भोंगा, आणि खेळ सुरू झाला.

चावी परत घेताना वैजिनाथचा चेहरा पडला होता.

"सोमवारपासून संघ मला नांदूरघाटाकडं धाडतोय. हितं दुसरा येईल."

अंगणातला गलका एकदम लांब गेला. ही भीती नवी होती, तिला आकारच नव्हता.

"त्याला रेषा दाखवा," तो म्हणाला. "आन्... बाकी काय."

"रविवारी घरी या," शिवकांता म्हणाली. "दादा घरच्याच दुकानात असतात, त्यांच्याशी बोला. तुमच्या आईला घेऊन या."

बोलून झाल्यावर तिला भीती वाटली. आधी नाही, नंतर.

वैजिनाथनं चावी खिशात टाकली. "आई विचारल, पोरगी कशी हाय?"

"सांगा, लई भित्री हाय."

"आन् मग?"

"मग सांगा..." तिनं या वेळी डोळे मिटले नाहीत. "तरी आधी तीच बोलली."