टुणकी, मरळ आणि रुंद पोटाचा गळ

भर दुपारी, ऊन डोक्यावर तळपत असताना, टुणकीनं कळवलं की आजूबाजूला मिट्ट काळोख आहे.

टुणकी ही वेणू मारबतेची यांत्रिक बेडकी. सोनझरीच्या शाळेत सातवीतल्या प्रत्येकाला एक तरी यंत्र बनवावंच लागतं. बाकीची मुलं उडणारी यंत्रं बनवण्यात दंग होती, तेव्हा या वेणूबाईसाहेबांनी अंगठ्याएवढी हिरवी बेडकी बनवली. ती गावच्या मामा तलावात (जुन्या मालगुजार जमीनदारांनी बांधलेल्या तलावांना भंडाऱ्याकडे असं म्हणतात) पोहायची, पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजायची आणि काठावरच्या भोंग्याला बिनतारी संदेश धाडायची. तिला ध्वनिग्राहकही (आवाजाचं विजेच्या लहरींत रूपांतर करणारा भाग) होता. त्यामुळे तिला ऐकू येई ते भोंग्यातून सगळ्यांना ऐकू येई.

आज ती सांगत होती की काळोख आहे, प्राणवायू जवळजवळ नाहीच, आणि तरीही मी तलावभर फिरते आहे. शिवाय भोंग्यातून एक संथ आवाज येत होता. धप्... धप्... धप्.

"गाळात फसली असन," वेणू म्हणाली.

"गाळात फसलेली वस्तू फिरते काय, पोरी?" आत्याआजीनं विचारलं.

आत्याआजी म्हणजे डॉ. कुसुम शेंडे, वेणूच्या आजोबांची बहीण. जन्मभर मत्स्यवैद्य (माशांची डॉक्टर) म्हणून काम करून ती आता गावी येऊन राहिली होती. उत्तर माहीत असलं तरी लगेच सांगायचं नाही, ही तिची जुनी खोड. वेणू डोळे मिटून ऐकू लागली. मध्येच 'गुटुक्' असा आवाज आला. तिनं डोळे उघडले, तर कमळांच्या दाटीत एक काळं नाक पाण्याबाहेर येऊन लगेच खाली जाताना दिसलं. वेणू भोंग्याजवळ सरकली.

"मरळीनं गिळली तिले," ती हळूच म्हणाली. "हे मरळीचं काळीज वाजून राह्यलं."

मरळ हा मासा पाण्यात राहतो, पण थोड्या थोड्या वेळानं वर येऊन आपल्यासारखी हवा घेतो. ही मरळ तर तलावाची जुनी मालकीण होती. तिचं नाक साऱ्या गावानं पाहिलं होतं, काळीज मात्र कुणी ऐकलं नव्हतं. वेणू कितीतरी वेळ भोंग्यापाशी बसून राहिली. गढूळ पाण्यात, कमळांच्या मुळाशी कुणीतरी इतक्या शांतपणे जगत असतं आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो, याचं तिला राहून राहून नवल वाटत होतं.

मग एकदम तिचा चेहरा उतरला. टुणकीच्या पोटात विद्युतघट (वीज साठवणारी डबी) होता आणि त्यावर पाणी शिरू नये म्हणून वेणूनं स्वतःच्या हातानं मेणासारखा लेप दिला होता. पाण्यात तो वर्षभर टिकला असता, पण माशाच्या पोटातल्या आम्लात?

"उद्या संध्याकाळपर्यंत टिकन," आत्याआजी म्हणाली.

"मंग आतलं विषारी रसायन बाहेर येईन. अन् मरळ मरन."

"काढली नाही तर, हो."

जाळ्याचा उपयोग नव्हता. कमळांचे देठ इतके दाट होते की जाळं वरच अडकून बसलं असतं आणि मरळ खाली गाळात शिरली असती. उरला गळ. मरळ बेडकांवर तुटून पडते, म्हणूनच तर तिनं टुणकीला गिळलं होतं. यंत्रानं थोडंच कुणाचं पोट भरतं? दुसऱ्या बेडकीवरही ती नक्की झडप घालेल, असा आत्याआजीचा अंदाज होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मदतीला ढोकरी आली. ढोकरी म्हणजे शाळेची यंत्रबगळी, उंच पायांची, चिखलात न फसणारी आणि शहाणपणात कुणाला हार न जाणारी. तिच्या पोटाच्या कप्प्यात हरतऱ्हेचे गळ आणि मऊ रबराच्या बेडक्या होत्या.

"मत्स्याचे वजन अधिक आहे," ती म्हणाली. ढोकरी नेहमी पाठ्यपुस्तकासारखंच बोलायची. "सबब गळ जाड आणि बळकट असावा."

तिनं एक दणकट गळ काढला, गुबगुबीत बेडकी त्यात ओवली आणि चोच फिरवून अचूक कमळांमध्ये फेकली. नेम बघत राहावा असाच होता. पण गळाचं उघडं टोक पहिल्याच देठात रुतलं. ओढून काढलं तर दुसऱ्यात. मरळीऐवजी तासाभरात अर्ध्या तलावाचा पालापाचोळा काठावर जमा झाला.

"टोक बेडकीच्या पाठीत लपव," आत्याआजीनं सुचवलं. "रबराच्या कातडीखाली जरासं. देठाले लागन तर रबर लागन, टोक नाही."

ही युक्ती चालली. बेडकी देठांमधून सुळसुळत निघाली. पाणी फुगलं, एक काळं डोकं वर आलं आणि 'भडाक्' असा आवाज झाला. ढोकरीनं दोरी ओढली. दोरी सैल, गळ रिकामा. बेडकीवर नुसते दातांचे ठसे. थोड्या वेळानं पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच.

"मत्स्य अपेक्षेपेक्षा अधिक सामर्थ्यवान आहे. याहून मोठा गळ लावते," ढोकरी म्हणाली. तो लावला, तर त्याच्या भारानं बेडकी नाकाच्या दिशेनं सरळ तळाला गेली. मरळीनं ढुंकूनही पाहिलं नाही. भोंग्यात काळीज चालूच होतं, धप्, धप्, पण टुणकी आता मध्ये मध्ये अडखळू लागली होती. म्हणजे लेप झिजायला लागला होता.

"आत्याआजी, सांग ना आता. वेळ नाही आपल्यापाशी."

"सांगून तुले समजन, पण दिसणार नाही. कपडे वाळवायचा लाकडी चिमटा आण."

वेणू धावत जाऊन चिमटा घेऊन आली. आत्याआजीनं चिमट्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "हा मरळीचा जबडा. आता ही बेडकी चाव. पण एकदम नाही, हळूहळू."

वेणूनं टोक लपवलेल्या बेडकीवर चिमटा लावला आणि बोटांचा दाब हळूहळू सोडला. डोळे बारीक करून पाहिलं. चिमटा मिटत गेला तसं गुबगुबीत रबर चेंगरलं, आणि चेंगरलेलं रबर जाणार कुठं? ते गळाची दांडी आणि टोक यांच्यामधल्या मोकळ्या जागेत घुसलं. ती जागा ठासून भरली. टोक रबरातच बुडून राहिलं, लाकडाला त्याचा स्पर्शसुद्धा झाला नाही.

"त्या मोकळ्या जागेले आम्ही गळाचं पोट म्हणतो," आत्याआजी म्हणाली.

"पोटात जागाच नाही राहिली," वेणू पुटपुटली. "मरळीचा जबडा बसन कुठी?" ती झटक्यात वळली. "ढोकरी, तू गळ कोणाकडे पाहून निवडला?"

"मत्स्याकडे."

"बेडकीकडे पाह्याचं होतं."

ढोकरीच्या डोळ्यांतले दिवे लुकलुकले.

मग तिघींनी कप्पा पालथा केला. वेणूनं आधी सडपातळ बेडकी घेतली, कारण बारीक रबराला चेंगरून जायला जागा कमी लागते. नंतर तिच्याशेजारी एकेक गळ धरून पाहिला. जो बेडकीइतकाच अरुंद होता तो बाजूला, जो तिला बुडवेल इतका जड होता तोही बाजूला. शेवटी एक सापडला. त्याचं पोट बेडकीच्या जाडीच्या दुप्पट रुंद होतं, आणि मान वाकडी होती (दोरी बांधतात तिथं दांडीला नागमोडी वळण होतं). त्या वळणात बेडकीचं नाक अडकून बसतं, म्हणून ती खाली घसरत नाही.

"तार किती जाड पाह्यजे?" वेणूनं विचारलं.

"सुई कापडात शिरते तशी सळई शिरते काय?"

वेणूनं विचार केला. जोर तेवढाच असला, तरी तो जितक्या लहान जागेवर पडेल तितका दाब (ठरावीक जागेवर पडणारा जोर) जास्त. म्हणून बारीक तार पटकन टोचते. पण फार बारीक असली तर कमळातून मरळ ओढताना ती सरळ होऊन जाईल. "मधलीच बरी," तिनं ठरवलं.

गळाच्या टोकामागचा उलटा दात आत्याआजीनं पकडीनं दाबून सपाट केला. तो दात मासा सुटू नये म्हणून असतो, आणि यांना तर मरळ सोडूनच द्यायची होती.

पुन्हा चिमटा लावला. रबर मिटलं, खाली सरकलं, आणि पाठीतून टोक अलगद वर येऊन लाकडात रुतलं. टक्.

वेणू त्या इवल्याशा टोकाकडे पाहतच राहिली. त्यात ना यंत्र होतं, ना वीज. होती ती नुसती वाकवलेली तार, आणि तिच्या वाकण्यात मोकळी सोडलेली थोडी जागा. सगळी करामत त्या रिकाम्या जागेची होती, आणि सकाळपासून तिकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

दुपार कलली तेव्हा वेणू आणि आत्याआजी डोंग्यातून (एका ओंडक्याच्या होडीतून) कमळांशी गेल्या. या वेळी गळ वेणूनं टाकला. तिचा नेम ढोकरीसारखा नव्हता, बेडकी पानावर पडली. तिनं ती हलकेच पाण्यात ओढली. पानं थरथरली. भडाक्.

"लगेच नको ओढू. तिले तोंड मिटू दे."

वेणूनं श्वास रोखला आणि मग ओढलं. गळाची काठी कमानीसारखी वाकली. दोरीतून आलेली ती ताकद तिच्या दंडापर्यंत पोचली आणि तिला वाटलं, सगळा तलावच पलीकडून ओढतो आहे. आत्याआजीनं तिच्या कमरेला धरून ठेवलं. बऱ्याच वेळानं मरळ थकून डोंग्यापाशी आली. गडद पाठ, पोटाशी पिवळसर झाक, आणि वेणूकडेच रोखलेला एक गोल, निर्भय डोळा.

डोंग्यातच ठेवलेल्या, लवंगेचं तेल घातलेल्या पाण्याच्या टबात मरळ हळूहळू गुंगीत गेली. आत्याआजीनं आधी गळ अलगद काढला आणि मग लांब चिमटा तोंडातून आत सरकवला. तिचे म्हातारे हात जराही हलत नव्हते. चिमट्याबरोबर टुणकी बाहेर आली. लेप जागोजागी उडाला होता, पण आतली डबी शाबूत होती.

त्याच क्षणी काठावरचा भोंगा गप्प झाला.

धप् नाही, काही नाही. वेणू टबावर वाकली. "आत्याआजी, ती..."

"तिच्या कल्ल्यांकडे पाह्य."

कल्ले उघडत होते, मिटत होते. टुणकीचा कान आता मरळीच्या पोटात नव्हता, मग तिचं काळीज ऐकू येणार तरी कसं? आत्याआजीनं मरळीला डोंग्याबाहेर तलावाच्या पाण्यात दोन्ही हातांवर धरून ठेवलं. थोड्या वेळानं शेपटी हलली, मग अंगाला एक हिसका बसला आणि कमळं दुभंगून ती गेली. लांबवर एक काळं नाक वर आलं, 'गुटुक्' झालं, आणि या वेळी तो आवाज भोंग्याशिवाय ऐकू आला.

"गुरूच्या एका चंद्रावर बर्फाखाली मोठा समुद्र असावा म्हणतात," परत येताना आत्याआजी म्हणाली. "तिथं जाणारी टुणकी तुमच्यातलंच कोणी बनवन. फक्त पुढच्या वेळी लेप काचेचा लाव. काळीज ऐकायले मिळो, पण कोणाच्या जिवावर नको."

काठावर उतरल्यावर वेणूनं टुणकीला मुठीत घेतलं आणि छातीशी घट्ट धरलं. तिचे डोळे भरून आले होते.

भोंगा खरखरला. धप् धप् धप् धप्.

"मत्स्य परत आला आहे," ढोकरी मान उंचावून तलावाकडे पाहू लागली. "ठोके जलद आहेत. तो अतिशय आनंदात असावा."

आत्याआजी हसू लागली. टुणकीला तशीच छातीशी धरून वेणू भोंग्यापाशी बसून स्वतःचं काळीज ऐकत राहिली.