काढून ठेवलेल्या केबलवरचा निरोप

दुपारचे तीन वाजले होते आणि काम अगदी साधं होतं. इमारतीत दोन हॉल, आणि प्रत्येकाच्या छतात एकेक प्रोजेक्टर. तो लोखंडी कात्रीसारख्या पाळण्यावर बसवलेला. हुकूम दिला की पाळणा खाली यायचा, हुकूम दिला की दुमडून छतात शिरायचा. हुकूम मात्र लांबून, वरच्या मजल्यावरच्या नियंत्रण खोलीतून द्यायचा. प्रत्येक हॉलची एक सिरीयल केबल भिंतीतून तिथल्या कॉम्प्युटरपर्यंत आली होती. इथे ‘वर’ लिहायचं, तिकडून ‘ओके’ यायचं. ‘ओके’ येईपर्यंत हुकूम पुन्हा पुन्हा जात राहायचा.

तंत्रज्ञाची उमेदीची वर्षं याच कामात गेली होती. जोडीला बायकोचा भाऊ होता. तिशी ओलांडली तरी त्याच्या जिभेला हाड नव्हतं.

“ताईने सांगितलंय,” शिडी उचलताना मेहुणा म्हणाला, “मला ओरखडा जरी आला तरी तुमचं जेवण बंद.”

“मग हात सांभाळ बाबा. माझ्या पोटाचा प्रश्न आहे.”

त्यांचा एक नियम होता. पाळण्यात कुणी हात घालण्याआधी त्या हॉलची केबल कॉम्प्युटरमधून उपटून समोर ठेवायची. तंत्रज्ञाने ‘एक’ चिठ्ठीची केबल उपटली आणि टेबलावर ठेवली. गेल्या आठवड्यात भिंत रंगवणाऱ्यांनी केबल सोडवून चिठ्ठ्या काढल्या होत्या आणि परत डकवताना त्यांची अदलाबदल केली होती, हे त्याला कुठून ठाऊक असणार? सकाळी चिठ्ठ्या पाहूनच त्याने केबल जोडल्या होत्या आणि दोन्ही पाळणे एकदमच खाली उतरवले होते, त्यामुळे फरक कळलाच नव्हता.

“हात आत गेलाय,” पहिल्या हॉलमधून फोनवर मेहुण्याचा आवाज आला. “पार खांद्यापर्यंत.”

तोवर दुसऱ्या हॉलचा पाळणा वर घेऊन ठेवू, असा विचार करून तंत्रज्ञाने पडद्यावरच्या ‘दोन’च्या चौकटीत ‘वर’ लिहिलं.

फोनमधून मोटरची घरघर ऐकू आली.

“भाऊजी... हे वर निघालंय...”

तंत्रज्ञाने ‘स्टॉप’ची कळ दाबली, मग दाबतच राहिला. पडदा थिजला होता. हॉलपर्यंत पोचायला दोन जिने आणि तीन दारं.

“भाऊजी... हात...”

आणि तेव्हा ‘एक’च्या चौकटीत, जिची केबल टेबलावर पडली होती त्या चौकटीत, एक शब्द उमटला. स्टॉप.

घरघर थांबली.

तंत्रज्ञ धावत सुटला. मेहुणा शिडीवर होता. दोन लोखंडी पट्ट्यांत त्याची बाही अडकली होती. दंडापासून पट्टी बोटभर लांब. बाही फाडून त्याला मोकळं केलं तेव्हा तो खाली बसला आणि त्याने लांबलचक श्वास सोडला, मध्येच किंचित अडखळणारा.

“वेळेत थांबवलंत,” तो हसत म्हणाला. “जा, ताईला नाही सांगत.”

तंत्रज्ञाने त्याचा हात कोपरापासून बोटांपर्यंत चाचपला. सगळं धड होतं. त्याचे डोळे भरून आले आणि तो शिडी आवरायला वळला.

वर आल्यावर त्याने पडदा दाखवला. ‘एक’च्या चौकटीत आता ‘स्टॉप’ची रांग लागली होती. सगळे शब्द तिकडून इकडे आलेले.

“ही केबल तर...” मेहुण्याने ती हलकेच उचलली. तिचं टोक त्याच्या बोटांत लोंबत होतं. पडद्यावर आणखी एक ओळ आली.

भिंतीतून ती कुठे जाते याचा माग काढला तर ती केबल दुसऱ्या हॉलची निघाली. किल्ली घेऊन दोघे खाली गेले. कुलूप उघडलं. आत काळोख, आणि तापलेल्या तेलाचा वास. पाळणा छतातून खाली लोंबत होता. बॅटरी प्रत्येक खुर्चीवरून फिरवली. कुणीच नव्हतं. त्यांनी पुन्हा कुलूप लावलं.

वर ओळी येतच होत्या.

“उत्तर मागतंय ते,” मेहुणा पुटपुटला. “द्या ना भाऊजी...”

तंत्रज्ञाने ‘ओके’ लिहिलं. ओळी थांबल्या. खोली शांत झाली आणि दोघांच्याही खांद्यांवरचा भार उतरल्यासारखा झाला.

मग टेबलावरच्या लहान स्पीकरमधून, जो दुसऱ्या हॉलच्या माइकला जोडलेला होता, कुणीतरी लांबलचक श्वास सोडला. मध्येच किंचित अडखळणारा, नुकतीच सुटका झालेल्या माणसाचा.

मेहुण्याने तोंडावर हात ठेवला. त्याचे ओठ मिटलेलेच होते.