ढकलायला मी आहे ना

आधी धप्प झालं. मग कडकन काहीतरी मोडलं.

हमरस्त्यावरच्या कॅफेत कासिल्दा कॉफीचा कप तसाच टाकून खिडकीपाशी धावली. बाहेर तिची मोटारसायकल आडवी पडली होती आणि तिच्या अंगावर एक पिवळी स्कूटर आरामात रेलली होती. शेजारी लोकरी टोपीतला एक तरुण दोन्ही हात डोक्याला लावून उभा होता.

"अहो!" ती दार लोटून बाहेर आली. "काय केलंत हे?"

"मी नाही... वाऱ्यानं." मग तिचा चेहरा बघून त्यानं आवाज खाली आणला. "म्हणजे स्टँड मीच नीट लावला नव्हता. पण ढकललं वाऱ्यानं."

दोघांनी मिळून गाडी उभी केली. आरसा शाबूत, दिवा शाबूत. क्लच लिव्हर मात्र मुळापासून तुटून बर्फात पडली होती.

कासिल्दानं डोळे मिटून घेतले. पहाटे सहाला ती दक्षिणेच्या समुद्रकाठच्या आल्मेरियाहून निघाली होती. उद्या, शनिवारी, संध्याकाळी पाचच्या आत पार उत्तरेकडच्या वायादोलिदबाहेरच्या पाइनच्या रानात पोहोचायचं होतं. कडाक्याच्या थंडीत तिथं दर जानेवारीत मोटारसायकलवाल्यांचा मेळावा भरतो. तंबू पडतात, शेकोट्या पेटतात, आणि शनिवारी दिवस मावळताना, वर्षभरात गेलेल्या सोबत्यांच्या नावानं मशाली निघतात. तिचे बाबा, एव्हारिस्तो, तीस वर्षं एकही मेळावा न चुकवता गेले. ऑक्टोबरात ते वारले. यंदा त्यांची मशाल तिनं धरायची होती. कुठं किती मिनिटं थांबायचं हेसुद्धा तिनं कागदावर लिहून पेट्रोलच्या टाकीवर चिकटवलं होतं. त्या कागदात या माणसाला जागा नव्हती.

दोन गॅरेजना फोन झाले. एक म्हणाला, पार्ट सोमवारी येईल. दुसरा म्हणाला, मंगळवारी.

"क्लचशिवाय चालवता येते म्हणा," ती स्वतःशीच पुटपुटली. एकदा गाडी पळायला लागली की प्रश्न नव्हता. प्रश्न होता सुरुवातीचा. इंजिन चालू ठेवून गाडी ढकलायची, वेग आला की खाडकन पहिला गिअर टाकायचा. एवढं वजन, त्यावर सामान, पायाखाली बर्फ... एकटीनं?

"ढकलायला मी आहे ना," तो म्हणाला.

"इथं आहात. पुढच्या थांब्यावर काय करू?"

"तिथंही असेन. टाकीवरचा तुमचा कागद वाचला मी. तोरोला चाललोय, तुमच्याच वाटेवर. लेआंद्रो माझं नाव, उबेदाचा. पियानो सुरात लावतो. रविवारी तोरोच्या नाट्यगृहात कार्यक्रम आहे आणि त्यांचा पियानो पार बेसूर झालाय."

"या स्कूटरवर? तोरोला? जानेवारीत?"

"मोटार बिघडलीय."

"किती पळते ही?"

"उतारावर नव्वद."

"आणि चढावर?"

"चढावर आम्ही दोघं गप्पा मारतो."

"तू वेडा आहेस का?"

"चला," तो खुलून हसला, "'तू'वर तर आलो!"

दुसरा इलाजच नव्हता. त्यानं खांदा लावून ढकललं, गाडी हिसका देऊन सुटली आणि आरशात तिला दिसलं... गडी बर्फात तोंडावर पडलेला, आणि तरी हात हलवून टाटा करणारा.

पुढचे पाच तास तिनं आयुष्यात कुणावर काढला नसेल एवढा राग मनातल्या मनात काढला. लेआंद्रो थांबायचा. सारखा थांबायचा. हातमोजे वाळवायला थांबायचा, पावाचा वास आला म्हणून थांबायचा, चर्चच्या मनोऱ्यावरचे करकोचे बघायला थांबायचा. आणि तिला थांबताच येत नव्हतं! थांबलं की पुन्हा धक्का हवा, आणि धक्का देणारा दोन मैल मागं करकोचे बघत उभा.

मान्सानारेसला तर कहर झाला. तो मागं कुठंच दिसेना, म्हणून ती गावातल्या चौकाला गोल गोल फेऱ्या घालत राहिली. कोपऱ्यावरच्या बारमधले म्हातारे खुर्च्या घेऊन बाहेर आले आणि मोठ्यानं फेऱ्या मोजायला लागले. सतराव्या फेरीला पिवळी स्कूटर उगवली तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या.

"कुठं होतास?" ती हेल्मेटमधून ओरडली.

"चीज घेत होतो! तुझ्यासाठीपण घेतलंय!"

"मला चीज नकोय!"

"घे पोरी, घे!" एक म्हातारा ओरडला. "चीज आणणारा नवरा सुखासुखी मिळत नाही!"

"हा नवरा नाहीये!" तिनं अठरावी फेरी मारता मारता उत्तर दिलं.

संध्याकाळी ओकान्याच्या अलीकडे एका खाणावळीत त्यांनी दोन खोल्या घेतल्या. शेकोटीजवळचं टेबल, लसणाचं गरमागरम सूप, वर फोडलेलं अंडं. ती मुद्दाम खिडकीकडे तोंड करून बसली. त्यानं जाकीट काढलं आणि छातीवरून, पाठीवरून, बाह्यांतून वर्तमानपत्रं उपसायला लागला. पानांमागून पानं... ढीगच झाला.

"हे काय?"

"थंडीला. खेळाचं पान सगळ्यात ऊबदार असतं. अग्रलेखातून मात्र वारा लागतो."

आणि कासिल्दा हसली. तिला हसायचं नव्हतं, तरी हसली. बाबाही अस्सेच, जाकिटात पेपर कोंबून निघायचे, आणि आई मागून ओरडायची, मी अजून वाचला नव्हता तो! गेल्या तीन महिन्यांत ती पहिल्यांदाच हसत होती. हसता हसता डोळे भरून आले तेव्हा तिनं सुपाची वाफ पुढं केली.

"हसतेस की," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, तेपण तुटलंय लिव्हरबरोबर."

"फार बोलू नकोस."

"बरं. एकच विचारतो. उद्या पाचला काय आहे?"

ती चमच्याशी खेळत राहिली. 'माझे बाबा गेले' हे वाक्य अजून तिच्या तोंडून धड निघत नव्हतं. "एक माणूस आहे," ती म्हणाली. "त्याच्यासाठी पोहोचायचंय."

"अच्छा..." शेकोटीत लाकूड फुटलं. लेआंद्रोनं वर्तमानपत्रांच्या घड्या घालायला घेतल्या. एकदम नीट, कडेला कड जुळवून. "नशीबवान आहे."

त्याला काय वाटलं ते तिला कळलं. सांगून टाकावं... पण तेवढ्यात खाणावळवाली बशा उचलायला आली, आणि राहून गेलं.

सकाळी ती खाली आली तर तो आधीच अंगणात होता, आपल्या लायब्ररीच्या कार्डानं तिच्या सीटवरचा बर्फ खरवडत. त्या दिवशी तो एकदाही थांबला नाही. ना पाव, ना करकोचे. स्कूटर कण्हत होती, पण पिवळा ठिपका आरशातून हलला नाही. आणि गंमत अशी, की कासिल्दाला त्याचाही राग यायला लागला. एवढं शहाण्यासारखं वागायला कुणी सांगितलं होतं?

दुपारी दीडला ग्वादारामाच्या डोंगराच्या पायथ्याशी पोलिसानं हात दाखवला. वर घाटात बर्फ पडत होता. चाकांना साखळ्या लावलेल्या मोटारी आणि ट्रक सोडत होते. दुचाकी बंद.

"कधी उघडेल?"

"आज तरी आशा नाही, बाई."

कासिल्दा फुटपाथवर बसली. हेल्मेट मांडीवर. ओरडायचं, भांडायचं बळच संपलं होतं. लेआंद्रो कुठं दिसेना. बघ, गेला असेल काही खायला... आता रडू फुटणार, एवढ्यात तो बर्फ तुडवत पळत आला.

"ऊठ, ऊठ! ट्रक मिळाला! बेनिताताई, पलीकडे अरेवालोला चालल्यात. मागं डुकरं आहेत, तीनच. त्यांच्याशेजारी एक गाडी मावते."

"एक?"

"एक." तिच्या सामानाचे पट्टे तो आवळायला लागला होता. "घाटापलीकडे ताई तुला उतरवतील, तिथं सगळा उतार आहे. वरून सोडून दिलीस की गिअर पडेल. धक्का लागणार नाही."

"आणि तू?"

"पियानो उद्या संध्याकाळचा आहे. तुझा माणूस आज वाट बघतोय."

"लेआंद्रो, अरे, तो—"

"चढताय का उतरताय?" बेनिताताईंनी हॉर्न दाबला. "डुकरं गारठली माझी!"

दार लागलं. मागच्या काचेतून तिनं बघितलं. तो टोपी काढून उभा होता, केसांवर बर्फ, आणि या खेपेला हात हलवत नव्हता.

पावणेपाचला ती रानात पोहोचली. पाइनच्या लाकडांचा धूर, हजारो गाड्या. आभाळ काळोखायला लागलं. कुणीतरी तिच्या हाती मशाल दिली. एकेक नाव पुकारलं जात होतं. "एव्हारिस्तो रोमेरो, आल्मेरिया!" ती पुढं झाली. शेजारचा दाढीवाला नाक मुरडून जरासा सरकला, तिच्या अंगाला डुकरांचा वास येत होता. बाबा असते तर पोट धरून हसले असते. त्या विचारानं ती रडायला लागली, मोकळी, तीन महिन्यांचं एकदम. मशाल मात्र सरळ धरली होती.

नंतर कुणीतरी गरम रस्सा दिला. त्याच दाढीवाल्यानं आपल्या पेटीतून एक लिव्हर शोधली आणि पाच मिनिटांत बसवून दिली. आता तिला कुणाचीच गरज नव्हती. आणि नेमकं तेव्हाच तिला सगळं कुणाला तरी सांगावंसं वाटलं. मशालीचं, डुकरांचं, बाबांचं. कुणाला तरी कशाला... तो डोंगरापलीकडे बर्फात बसला होता, आणि दोन दिवस भांडूनही त्या शहाण्यानं फोन नंबर दिला नव्हता. तिनंही मागितला नव्हता. स्वतःलाच चिमटा काढावा असा संताप आला तिला.

रविवारी सकाळी दक्षिणेला, घराकडे वळायच्या फाट्यावर ती पश्चिमेला वळली.

तोरो नदीकाठच्या धुक्यात बुडालं होतं. तो पोहोचला असेल का? घाट उघडला असेल का? नाट्यगृहाच्या गल्लीत ती शिरली आणि दिव्याच्या खांबाला दोरीनं करकचून बांधलेली पिवळी स्कूटर दिसली. आतून एकच सूर पुन्हा पुन्हा वाजत होता. टण... टण... टण.

रिकाम्या खुर्च्यांमधून ती चालत गेली. रंगमंचावर लेआंद्रो कोट घालून पियानोच्या पोटात वाकला होता. बुटांचा आवाज ऐकून त्यानं वर बघितलं आणि हातातली तारा पिळायची किल्ली खाली पडली.

"पोहोचलीस वेळेत?"

"पोहोचले. तू कसा आलास?"

"पहाटे घाट उघडला. पहिलाच मी." तो घुटमळला. "आणि... तो भेटला?"

"तो माझा बाप होता, लेआंद्रो. ऑक्टोबरात गेला. त्याची मशाल धरायची होती."

"मला वाटलं..."

"ठाऊक आहे काय वाटलं! दोन दिवस तोंड बंद नव्हतं तुझं. करकोचे, चीज, अग्रलेख! आणि नेमकं तेवढंच विचारलं नाहीस!"

"भीती वाटली."

"कसली?"

"उत्तराची," तो म्हणाला. मग गडबडीनं, "क्लचचं काय झालं?"

"नवी लिव्हर बसवली."

"म्हणजे आता ढकलायला कुणी नको."

"नको." ती रंगमंचाच्या पायऱ्या चढली. कान तापले होते, आणि त्याचाही तिला राग येत होता. "ढकलायला नको. तरी आले."

लेआंद्रोनं वाकून किल्ली उचलली, पुसली, खिशात घातली, परत काढली. तिनं भरपूर वाट बघितली.

"बोल ना रे आता!"

"दोन तासांचं काम आहे अजून," तो कसाबसा म्हणाला. "मग जेवायला... येशील?"

"दोन तास! एवढ्याशा पियानोला? आण इकडे, मी काय करू ते सांग."

"हातमोजा काढ. हा सूर दाबून धर."

त्यानं तिचं बोट धरून पट्टीवर ठेवलं. त्याची बोटं बर्फासारखी गार होती आणि ठेवून झाल्यावरही तिथंच राहिली. सूर हळूहळू विरत गेला. रिकाम्या नाट्यगृहात आता काहीच वाजत नव्हतं.

"सोडू का?" तिनं विचारलं.

"नको. मी सांगतो."

त्यानं सांगितलंच नाही. आणि तिनंही परत विचारलं नाही.