बावीस नंबरची चिठ्ठी

कुंभिवलीला हमरस्त्याच्या कडेला औषधाच्या बाटल्यांचा एक कारखाना होता. इंजेक्शनचं औषध भरतात ना, त्या करंगळीएवढ्या बाटल्या. भट्टीकडे सगळे पुरुष आणि चेकिंग खात्यात सगळ्या बायका, मोजून अठ्ठावीस. प्रत्येकीच्या समोर दुधी काच आणि काचेमागे ट्यूबलाइट. पट्ट्यावरून बाटल्या सरकत येत. डाव्या हाताच्या बोटांत चार धरायच्या, उजेडासमोर गोल फिरवायच्या आणि तडा किंवा बुडबुडा दिसला की ती खालच्या तगारीत टाकायची. चांगल्या निघतील त्या खोक्यात. खोकं भरलं की आपल्या नंबराची छापील चिठ्ठी आत टाकायची आणि पट्टी मारायची. पुढे औषधवाल्यांकडून तक्रार आली तर आतली चिठ्ठीच सांगायची, कुणाच्या डोळ्यांनी दगा दिला ते.

सोनुबाईचा नंबर बावीस. तिच्या डाव्या हाताला एकवीस नंबरवर गौराबाई. दोघी खालापूरजवळच्या एकाच गावात, एकाच आळीत दिलेल्या. सोनूच्या नवऱ्याचा, विठूचा, पाय दगडखाणीत चेचला, तेव्हा गौरानेच तिला हाताला धरून कारखान्यात आणलं. चार बाटल्या बोटांत कशा धरायच्या हेही तिनेच शिकवलं. "चिठ्ठ्या पिशवीत नाय ठेवायच्या, चोळीत ठेवायच्या," ती म्हणाली होती. "बोट कापलं तर भरून येतं. चिठ्ठी गेली की भाकरी गेली." सोनू चिठ्ठ्या चोळीत ठेवायची आणि वर प्रत्येकीचा एक कोपरा दुमडायची. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. सवय म्हणा.

आता पट्टा काही कुणासाठी थांबत नाही. मधेच उठायची वेळ आली तर काय करायचं? उठणारी आपल्या चिठ्ठ्या शेजारणीच्या हातात द्यायची. शेजारीण दोघींच्या बाटल्या बघायची, उठून गेलेलीचं खोकं भरलं की तिचीच चिठ्ठी टाकायची. भिंतीवर हातभर अक्षरात लिहिलं होतं, 'आपली चिठ्ठी दुसऱ्याच्या हाती देऊ नये.' त्या अक्षरांखालीच रोज दहा वेळा चिठ्ठ्या इकडून तिकडे जायच्या. सात वर्षांत सोनूने गौराकडून परत घेताना एकदाही चिठ्ठ्या मोजल्या नव्हत्या. सख्ख्या बहिणीने राखलेलं कोण मोजतं?

पंच्याऐंशी साली कंपनीने कॅन्टीनमध्ये टीव्ही बसवला. काळा-पांढरा, उंच फळीवर, सरकत्या दारांच्या लाकडी कपाटात. पहिली पाळी तीनला सुटायची आणि खालापूरकडे नेणारा टेंपो चारला यायचा. तोवर बायका बाकांवर पाय सोडून बसत. एका गुरुवारी चौदा नंबरच्या शकिलाने कपाट उघडून बटण पिरगाळलं. शकिला खालापूरच्या बाजारपेठेतली, जिभेला हाड नसलेली.

पडद्यावर आधी मुंग्या आल्या, मग उभी-आडवी चिनी अक्षरं, आणि मग एक लांबलचक खोली. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायका ओळीने बसल्या होत्या. समोर काच, काचेमागे उजेड, बोटांत चार-चार बाटल्या.

"अगं बया! ह्ये तर आपलंच खातं!" कुणीतरी ओरडलं.

"चिनी हायत त्या," शकिला म्हणाली. "नाकं बग की. आन तुज्यापेक्षा पटापटा हात चालतोय त्यांचा."

टाइमकीपर दारातून डोकावला आणि म्हणाला, "या टायमाला टीव्हीवर काय नसतं. स्टेशन बंद असतं."

"मग ह्या बाया काय आमी कपाटात कोंडल्यात?" शकिलाने विचारलं. तो बिचारा निघून गेला.

तेव्हापासून गुरुवार ठरलाच. भाषा ओ की ठो कळायची नाही, पण कळायचं काय राहिलं होतं? दुसऱ्या सिनेमा-मालिकांत माणसं गाणी म्हणतात, जिन्यावरून खाली उतरतात, रडतात. कामाला मात्र कुणी जाताना दिसत नाही. इथे एकीची कंबर धरायची. एक कापलेलं बोट तोंडात घालायची आणि दुसऱ्या हाताने काम चालू ठेवायची. वरचा साहेब मागून आला की सगळ्यांच्या पाठी ताठ व्हायच्या, आणि तो गेला की एकीच्या जिभेचं टोक हळूच बाहेर यायचं. ते पाहून कॅन्टीन हसून लोटपोट.

"यात कोण कुणाला मारत नाय, म्हणून मला आवडतं," गौरा म्हणायची.

"मला त्यांचे हात आवडतात," सोनू म्हणायची. "तोंडं सगळी सारखी वाटतात गं. हातावरून वळखू येतं, कोन कोन ते."

त्यात शेजारी-शेजारी बसणाऱ्या दोघी होत्या. एक वाळकी, एक गुबगुबीत. वाळकी उशिरा आली तर गुबगुबीत तिचा चहा बशीने झाकून ठेवायची. शकिलाने त्यांची नावंच पाडली, सोनू आणि गौरा. बायका टाळ्या पिटायच्या. गौराही सोनूचा चहा असाच झाकून ठेवायची ना!

तिसऱ्या गुरुवारी सोनूचं हसू थोडं मावळलं. पडद्यावरच्या वाळकीच्या एप्रनचा खिसा फाटला होता आणि त्यावर फुलाफुलाचं ठिगळ होतं. सोनूने आदल्याच संध्याकाळी आपल्या एप्रनच्या खिशाला जुन्या पोलक्याचं ठिगळ लावलं होतं. तिने मांडीवरच्या एप्रनकडे पाहिलं. फुलं तशीच, पाच पाकळ्यांची. "असतात की अशी फुलं," ती स्वतःशी म्हणाली आणि एप्रनची घडी उलटी केली.

चौथ्या गुरुवारी पडद्यावरच्या बायका पाळी संपवून बाकांवर येऊन बसल्या. त्यांच्यासमोर उंच फळीवर कसलंसं खोकं होतं. त्याची फक्त मागची बाजू दिसत होती. त्या खोक्याकडे बघत होत्या, मधेच बोट दाखवत होत्या, तोंडावर हात धरून हसत होत्या. शकिलाने गंमत म्हणून हात हलवला. पलीकडची एक शेजारणीच्या कानाला लागली आणि दोघी खुदकन हसल्या.

त्या दिवशी शकिलाने कपाटाची दारं स्वतःच ओढून घेतली.

त्याच आठवड्यात सुपरवायझर मालोजीने खात्यात येऊन सांगितलं, टेंपररी बायकांतली एक पर्मनंट होणार. जुन्या दोघीच, एकवीस आणि बावीस. महिनाअखेरपर्यंत जिच्या मालाची तक्रार येणार नाही, तिचं नाव वर जाईल. पर्मनंट म्हणजे काय, ते टेंपररीलाच विचारावं. रोज सकाळी गेटवर उभं राहून "आज हाय का काम?" असं वॉचमनच्या तोंडाकडे बघायचं आणि त्याने मान हलवली की डबा तसाच घरी न्यायचा. घरी विठू पायरीवर बसलेला. ती लवकर परतली की तो काही विचारायचा नाही, नुसता पाय आत ओढून वाट द्यायचा. ते सोनूला फार लागायचं.

"तुला झालं काय, मला झालं काय, एकच," गौरा त्या संध्याकाळी म्हणाली. सोनूच्या डोळ्यांत पाणी आलं. अशी मैत्रीण मिळायला नशीब लागतं, असं तिला वाटलं.

पुढच्या मंगळवारी सोनूच्या पोटात कळ आली. तिने चोळीतून चिठ्ठ्या काढल्या, गौराच्या हातात दिल्या आणि गेली. परत आली तेव्हा गौराने चिठ्ठ्या तिच्या हातात ठेवल्या. सोनूने त्या चोळीत सारल्या आणि कामाला लागली.

आणि गुरुवार आला.

पडद्यावर वाळकी पोट धरून उठली. तिने कागदाचे चार तुकडे गुबगुबीतच्या हातात दिले. ती दाराआड झाली. गुबगुबीत थोडा वेळ बाटल्या फिरवत राहिली. मग तिने खाली वाकून तगारीतल्या तडकलेल्या बाटल्या ओंजळीने उचलल्या आणि एका खोक्यात भरल्या. भराभर नाही, नीट लावून. वर चांगल्या बाटल्यांचा एक थर दिला. चारांतला एक तुकडा आत सरकवला आणि पट्टी मारली. शेवटी हात पडदाभर मोठे झाले. उरलेले तीन तुकडे ती बोटांनी सारखे करत होती. तिन्हींचा एकेक कोपरा दुमडलेला होता.



सोनूने शेजारी पाहिलं. गौरा पडद्याकडे बघतच नव्हती. ती आपल्या हातांकडे बघत होती.

"चल, टेंपो आला," गौरा म्हणाली.

टेंपो आला नव्हता. दोघी गेटजवळच्या करंजाखाली उभ्या राहिल्या. समोर गोदामापुढे ट्रक लागला होता आणि हमाल खोकी चढवत होते. मंगळवारचा माल.

"गौरा," सोनू कशीबशी म्हणाली, "मंगळवारी माज्या चिठ्ठ्या..."

"काय तुज्या चिठ्ठ्या?" गौरा गर्रकन वळली. "तुला हाताला धरून कुणी आणलं गं हितं? चिनी बाईनं? कपाटातल्या बायांवरून मला चोर ठरवतीस? तोंडात किडं पडतील तुज्या!"

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते पाहून सोनूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मालोजी ट्रकपाशीच उभा होता. साहेब, माझी खोकी एकदा उघडून बघा, एवढं म्हटलं असतं तर पुरे होतं. पण ते म्हणणं म्हणजे गौराला चारचौघांत नागडं करणं. तिने गौराचे दोन्ही हात धरले. "चुकलं गं माजं. मती फिरली बग माजी."

ट्रक पनवेलच्या दिशेने गेला. दुसऱ्या दिवशी सोनूने गौरासाठी मुद्दाम तांदळाची भाकरी आणि सुकटाची चटणी आणली. गौराने ती पोटभर खाल्ली.

ते खोकं पुढच्या बुधवारी परत आलं. मालोजीने ते चेकिंग खात्यात सगळ्यांसमोर उघडलं. वर एक थर चांगला, खाली नुसत्या तडकलेल्या काचा. त्यात कोपरा दुमडलेली चिठ्ठी. बावीस.

"सायब, ह्ये मी भरलेलं नाय," सोनू म्हणाली.

"मग कुणी भरलं?"

अठ्ठावीस दुधी काचा पेटलेल्या होत्या. सगळ्या जणींनी गुरुवारी ते पाहिलं होतं आणि एकीलाही ते सांगता येत नव्हतं. सांगणार काय? आमी टीव्हीवर बघितलं? गौरा बाटल्या फिरवत होती. तिने मान वर केली नाही. तिने झिंज्या उपटल्या असत्या, गावभर भांडली असती, तरी सोनूने सोसलं असतं. पण हिने केसाने गळा कापला आणि वर त्याच गळ्याशी बसून भाकरी खाल्ली. सोनूला तगारीतली काच चावून खाल्ल्यासारखं झालं.

"चिठ्ठी मी तिच्याजवळ ठेवली होती," ती शेवटी म्हणाली.

मालोजीने नुसतं भिंतीकडे बोट दाखवलं.

गुरुवारी तीनला सोनू एप्रन परत द्यायला आली. एप्रन धुऊन, घडी घालून हातावर टाकलेला होता. कॅन्टीनच्या दारात ती थबकली. टीव्ही चालू होता. आत बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. गौरा मात्र टोकाच्या बाकावर एकटीच होती.

पडद्यावरही बाकं होती. बायका समोर बघत होत्या. गुबगुबीत टोकाला एकटीच.

तिच्याजवळ दोन कप होते. एक बशीने झाकलेला.

आज कुणी हसत नव्हतं. इकडे नाही, तिकडे नाही.

मग त्यांच्या मागचं दार उघडलं. वाळकी आत आली. तिच्या हातावर घडी घातलेला एप्रन होता.

तिने घडी मोडली. एप्रन अंगात घातला. गुबगुबीतच्या शेजारी जाऊन बसली आणि कपावरची बशी काढली.

गुबगुबीत बाकाच्या कडेला सरकली. ती तिच्याकडे बघत नव्हती.

वाळकीने चहाचा घोट घेतला आणि मान वर करून सरळ बाहेर पाहिलं. बाकांवरच्या बायकांकडे नाही. त्यांच्या डोक्यांवरून, दाराकडे.

तिने सोनूकडे बघून मान हलवली. जा तू, मी आहे, असं.

मुंग्या आल्या. शकिलाने बटण कितीदा पिरगाळलं, पण पुन्हा काही लागलं नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरच्या कुठल्याच गुरुवारी नाही.

सोनूने एप्रन खुंटीला टाकला आणि चालत घर गाठलं. पुढे ती दुसऱ्यांच्या शेतात लावणीला जाऊ लागली. गौरा पर्मनंट झाली. आळीत दोघी समोर आल्या की गौराच पदर ओढून बाजूने जायची.

पावसाळा सरता सरता एका रविवारी शकिला घरी आली. विठूने पाय ओढून तिला वाट दिली. चहा झाला.

"तिकडं सारं ठीक?" सोनूने विचारलं.

"बावीस नंबरवर कुणाला बसवत नायत," शकिला म्हणाली. "दोघींना बसवून बघितलं. दुपारपातुर उठून आल्या. म्हणतात, स्टूल ऊन लागतं. कोण आत्ताच उठून गेल्यावानी."

"आन ती?"

"ती रोज दोन चहा घेती. एक बशीनं झाकून तुज्या स्टुलावर ठेवती. ठेवायचा नसतो तिला, हात दोनदा मागं घेती, मी बघते ना. पण ठेवती. सुट्टी संपली की कप उचलती, तर रिकामा." शकिला पुढे सरकली. "आन तिची खोकी. एकवीसचीच चिठ्ठी टाकती ती, मालोजी आता डोक्यावर उभा राहून बघतो. पट्टी मारतो तो सोता. तितल्या तितं पट्टी फिरून काढली, तर आत..."

तिने कनवटीची गाठ सोडली आणि एक चिठ्ठी सोनूच्या तळहातावर ठेवली. कालच्या शेवटच्या खोक्यातली, म्हणाली.

बावीस नंबर. एक कोपरा दुमडलेला.

कागद घामाने ओला होता, आणि नुकताच कुणी चोळीतून काढून दिल्यासारखा ऊन.